श्चेपानोव्स्की रस्त्याची पाटी

नॉर्बर्ट गोर्नीने त्या वर्षी मनाशी पक्कं ठरवलं होतं, की लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला अशी भेट द्यायची की तिचा चेहरा खुलला पाहिजे. आदल्या वर्षी त्याने तिला बर्फ उपसायचं फावडं दिलं होतं. (दांडा लाल होता. त्यात प्रेम आलं, असं नॉर्बर्टचं मत.) त्याच्या आदल्या वर्षी वजनकाटा. वजनकाट्यानंतर घरात जी शांतता पसरली ती पार ईस्टरपर्यंत टिकली.

या वर्षी त्याला सुचलं ते मात्र खरोखरच चांगलं होतं. चांगल्या कल्पना नॉर्बर्टला क्वचित सुचत, आणि सुचल्या की त्यांचं वाटोळं करायला तो स्वतः जातीने हजर असे.

लोरेट्टाचा जन्म मिलवॉकीच्या दक्षिण भागातल्या श्चेपानोव्स्की रस्त्यावरचा. शाळा त्याच रस्त्यावर, चर्च त्याच रस्त्यावर, नवराही त्याच रस्त्यावर सापडला. लग्न झाल्यावर ती चार घरं पलीकडे राहायला गेली तेव्हा तिच्या आईने लेक परदेशी निघाल्यासारखी रडून तिची पाठवणी केली होती. अशा बाईला काय द्यावं? नॉर्बर्टने ठरवलं, रस्त्याची पाटी द्यावी.

पाटीही तशीच होती. महापालिकेच्या स्वतःच्या कारखान्यात केव्हातरी बनलेली, जाड पत्र्याची, ठसा मारून उठवलेल्या अक्षरांची. पत्रे सगळे एकाच मापाचे आणि हे नाव पोलिश, म्हणजे इंग्रजीत लिहायला घेतलं की संपतच नाही. कारागिराने सुरुवातीची अक्षरं ऐसपैस बसवली आणि निम्म्यावर त्याच्या लक्षात आलं की पत्रा संपत आला. मग उरलेली अक्षरं त्याने लग्नाच्या फोटोत कडेचे पाहुणे उभे राहतात तशी अंग चोरून कोंबली होती. शेवटच्या अक्षराचा तर एक पाय फोटोबाहेरच होता. रस्त्यावरची पोरं आपल्या पत्त्याचं स्पेलिंग ही पाटी बघून शिकली आणि मोठी झाल्यावरही पत्र लिहिताना खिडकीतून तिच्याकडे बघत.

आता या पाट्या राहिल्या नव्हत्या. शहरभर हिरव्या, चकचकीत, सगळ्या एकसारख्या अशा नव्या पाट्या लागत होत्या. जुन्या पाट्या म्हाताऱ्याच्या दातांसारख्या गेल्या, आज इथली एक, महिन्याने तिथली एक. कोपऱ्यावर उभं राहून कुणी म्हणायचं, "इथे काहीतरी वेगळं होतं ना?" दुसरा म्हणायचा, "असेल," आणि दोघंही आपापल्या वाटेने जायचे. अखेर श्चेपानोव्स्की रस्त्याच्या खांबावरही सूचना चिकटली, की या आठवड्यात पाटी बदलण्यात येईल.

नॉर्बर्टने महापालिकेत फोन करून विचारलं, "जुन्या पाटीचं काय होतं?"

"भट्टीत जाते," पलीकडची बाई म्हणाली.

"मला मिळेल का?"

"तशी सोय नाही."

नॉर्बर्टने बुटांच्या कारखान्याच्या तक्रार विभागात उभा जन्म घालवला होता. 'तशी सोय नाही' या वाक्यापुढे कुणाचंही काही चालत नाही, हे त्याला पुरतं ठाऊक होतं. मग त्याने विचार केला, की उद्या भट्टीत जाणारी वस्तू आपण आज उचलली तर ती चोरी नव्हे. त्याला फार तर लवकर पोचणं म्हणता येईल.

हा विचार त्याने आपला जिवलग मित्र एल्मर बुट्सलाफ याला बोलून दाखवला. एल्मर घरं रंगवायचा धंदा करून थकला होता. त्याच्याकडे लांब शिडी होती, छोटा ट्रक होता आणि रस्त्यावरचे कामगार घालतात तशी नारिंगी रंगाची दोन जाकिटं होती.

"भर दिवसा जायचं," एल्मर म्हणाला. "नारिंगी जाकीट घातलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. मी एकदा ते घालून चुकीचं घर अख्खं रंगवलं होतं."

"आणि कुणी ओळखलं तर?"

"तोंडाला धुळीचा मास्क लाव. काळा चष्मा लाव. डोक्यावर हेल्मेट. तुझी बायकोसुद्धा ओळखणार नाही."

सोमवारी सकाळी लोरेट्टा चर्चच्या हॉलमध्ये पिएरोगी, म्हणजे पोलिश करंज्या, भरायला गेली. हल्ली ती दर सोमवारी जात असे. (येताना तिच्या हाताला पीठ लागलेलं नसे, हे कुठल्याही नवऱ्याच्या लक्षात आलं असतं. नॉर्बर्टच्या आलं नाही.) जाताना ती दारातून म्हणाली, "दुपारी कोबीचे रोल आहेत. आणि मोजे बदल. एक निळा आहे, एक तपकिरी."

"बदलतो," नॉर्बर्ट म्हणाला आणि तसाच बाहेर पडला.

शिडी लागली, एल्मरने ती खालून धरली आणि नॉर्बर्ट वर चढला. पाटी जवळून बघितल्यावर त्याला जरा गहिवरूनच आलं. मग त्याने बोल्टला पाना लावला आणि गहिवर ओसरला. बोल्ट इतका गंजला होता, की बोल्ट कुठला आणि पत्रा कुठला ते कळेना. त्याने तेल सोडलं, त्यातलं निम्मं स्वतःच्या बाहीत गेलं.

एवढ्यात खालून आवाज आला, "अहो, तुम्ही महापालिकेचे का?"

रस्त्यापलीकडच्या ओरालिया बाराहास होत्या. गेली कित्येक वर्षं नाताळात या बाईंनी केलेले मक्याच्या पिठाचे तमाले तो खात आला होता. त्याने आवाज जाड केला.

"हो."

"मग माझ्या दारासमोरच्या खड्ड्याचं काय? किती वेळा सांगितलं. परवा माझ्या जावयाच्या गाडीचं चाक गेलं त्यात."

इथे नॉर्बर्टने गप्प बसायला हवं होतं. पण मेली जन्मभराची सवय. तक्रार कानावर पडली की त्याच्या तोंडून उत्तर आपोआप बाहेर पडे.

"आपल्या तक्रारीची नोंद घेतली आहे, बाई. गुरुवारपर्यंत होऊन जाईल."

ओरालियाबाई थक्क होऊन बघत राहिल्या. असं उत्तर त्यांनी या देशात प्रथमच ऐकलं होतं. त्या लगबगीने घरी गेल्या आणि ती बातमी कशी पसरली देव जाणे, पण खांबाखाली लोक येऊ लागले. एकाला कचऱ्याचा डबा फुटल्याचं सांगायचं होतं. गुरुवारपर्यंत नवा मिळेल. एका आजोबांच्या दारातला दिवा लागत नव्हता. गुरुवारपर्यंत लागेल. कुणाच्या झाडाची फांदी छपरावर आली होती. गुरुवार. नॉर्बर्ट आता खरोखरच रंगात आला होता. निवृत्त झाल्यापासून इतक्या आदराने त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं.

"अरे, आटप," एल्मर खालून पुटपुटला. "इलेक्शनला उभा आहेस का?"

"एक बोल्ट निघाला," नॉर्बर्ट म्हणाला.

पाटी एका बाजूने सुटून खाली लटकली आणि कर्रकन् आवाज झाला. तेव्हा कुठे ओरालियाबाईंच्या ध्यानात आलं की हा भला माणूस मुळात तिथे कशासाठी चढला आहे. त्यांनी खिशातून फोन काढला.

"लोरेट्टा? ते आले. हो, आजच आले. पाटी काढताहेत. लवकर या सगळ्याजणी."

वर नॉर्बर्टचा पाना थांबला. ओळखीत लोरेट्टा नावाच्या बायका किती असतील याचा त्याने झटपट हिशेब केला. एकच निघाली.

चर्चच्या हॉलमधून बायका निघाल्या त्या घडीच्या खुर्च्या काखोटीला मारून. हातात फलक होते, त्यांवर 'आमची पाटी आमचीच' असं लिहिलं होतं. फलकांवरचा रंग वाळलेला होता, म्हणजे हे काही आज सुचलेलं नव्हतं. सगळ्यांच्या पुढे लोरेट्टा होती. पिएरोगी भरायला जाणारी त्याची बायको दर सोमवारी पाटी बचाव समिती चालवत होती आणि घरात त्याला पत्ता नव्हता.

तिने खांबाला टेकवून खुर्ची मांडली, तीवर बसली आणि वर बघून म्हणाली, "ही पाटी इथून हलणार नाही. हलवायची असेल तर मला खुर्चीसकट उचलावं लागेल."

ते शक्य नव्हतं हे नॉर्बर्टला वजनकाट्यामुळे ठाऊक होतं. त्याने मास्क आणखी वर ओढला.

"तोंड नाही का याला?" एक बाई म्हणाली.

"मघाशी तर चुरूचुरू बोलत होता," ओरालियाबाई म्हणाल्या. "गोड बोलून गुंगवत होता आपल्याला."

आता सगळी मदार एल्मरवर होती. नॉर्बर्टने आशेने खाली पाहिलं. एल्मरने नारिंगी जाकीट केव्हाच काढून ट्रकमध्ये टाकलं होतं आणि तो गर्दीत मिसळून, कुणाच्या तरी हातातला फलक घेऊन ओरडत होता. सगळ्यांत मोठ्याने तोच ओरडत होता.

"शिडी काढून घ्या याची," कुणीतरी म्हणालं.

"मी काढतो," एल्मर म्हणाला. "माझीच आहे." मग तो जरा थबकला आणि म्हणाला, "म्हणजे, माझ्याकडेही अशीच आहे. मला सवय आहे."

शिडी गेली. नॉर्बर्टने दोन्ही पायांनी खांबाला विळखा घातला, एका हाताने पाटीचा आडवा दांडा धरला आणि डोळे मिटले. पाटी वाऱ्यावर डुलत अधूनमधून त्याच्या हेल्मेटवर टणकन् आपटत होती.

खांबाला असा विळखा घातला की पँट वर सरकते. नॉर्बर्टचीही सरकली. खाली खुर्चीत बसलेल्या लोरेट्टाच्या बरोबर डोळ्यांसमोर एक निळा मोजा आला आणि त्याच्या शेजारी एक तपकिरी.

ती बराच वेळ त्या मोज्यांकडे बघत राहिली. मग शांतपणे उठली.

"का हो," ती वर बघून म्हणाली, "तुमचं लग्न झालंय?"

"झालंय," मास्कमधून बारीक आवाज आला.

"बायकोला ठाऊक आहे का, तुम्ही इथे आहात ते?"

"आत्ताच कळलेलं दिसतंय."

"दुपारी जेवायला काय आहे म्हणाली?"

"कोबीचे रोल."

"त्यांची फार आशा धरू नका," लोरेट्टा म्हणाली आणि पुन्हा खुर्चीत बसली.

शेजारच्या बायकांना वाटलं, शत्रूचं मनोधैर्य खच्ची करण्याची ही काहीतरी नवी रीत असावी. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात नगरसेवक ब्रायन क्लूगे आले. कुठे चार माणसं जमली की क्लूगेसाहेबांना त्याचा वास लागे, आणि इथे तर टीव्हीवालेही आले होते. त्यांनी कोट ठाकठीक केला, कॅमेऱ्याची बाजू बघितली आणि विचारलं, "काय प्रकार आहे?"

"पाटी राहिली पाहिजे," लोरेट्टा म्हणाली.

"आणि खड्डा गुरुवारपर्यंत बुजला पाहिजे," ओरालियाबाई म्हणाल्या.

"कुठला खड्डा?"

"तुमच्या या माणसाने शब्द दिलाय. डबे, दिवे, फांद्या, सगळं गुरुवारपर्यंत. विचारा यांना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. क्लूगेसाहेबांनी वर पाहिलं. वर एक माणूस अस्वलासारखा खांबाला चिकटला होता.

"तुम्ही असं बोललात?"

"नोंद घेतली आहे, साहेब," नॉर्बर्ट म्हणाला. खरं तर तो रडकुंडीला आला होता, पण तोंडातून दुसरं काही येईचना.

क्लूगेसाहेबांनी कॅमेऱ्याकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं आणि पुढच्या निवडणुकीचा विचार केला. "शब्द दिला असेल तर पाळला जाईल," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि पाटीही राहील. मी बोलतो वरती. चला हो, उतरा आता."

"उतरतील," लोरेट्टा म्हणाली, "पण आधी काढलेला बोल्ट परत बसवतील. माझ्यासमोर."

त्यानंतरचा वेळ नॉर्बर्टच्या आयुष्यात सर्वांत सावकाश गेला. एल्मरने शिडी लावली. (लावताना तो कुजबुजला, "माझा नाइलाज होता रे." नॉर्बर्टने त्याच्या बोटांवर पाय दिला.) सगळी गल्ली खाली माना वर करून उभी, आणि वर नॉर्बर्ट गंजका बोल्ट गंजक्या भोकात घालतोय. नट हातातून निसटला, तो क्लूगेसाहेबांच्या खांद्यावर पडला. पुन्हा वर पोचवला. कुणी म्हणालं डावीकडे फिरव, कुणी म्हणालं उजवीकडे. आजोबा म्हणाले, आमच्या वेळी महापालिकेची माणसं कामाला वाघ होती. शेवटी पाटी बसली. जरा कलंडली, पण बसली. नॉर्बर्ट खाली उतरला तो बायकांच्या हुर्योत ट्रकमध्ये शिरला आणि एल्मरने गाडी पिटाळली.

मागच्या दाराने घरात शिरून, जाकीट कोळशाच्या जुन्या खोलीत फेकून, तो स्वयंपाकघरात पेपर उघडून बसतो न बसतो तोच लोरेट्टा आणि ओरालियाबाई आल्या.

"कुठे होतास तू, नॉर्बर्ट?" ओरालियाबाई म्हणाल्या. "सगळी मजा चुकवलीस." आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं रंगवून सांगितलं. तो माणूस किती लबाड दिसत होता, वर कसा भेदरून चिकटला होता, त्याला साधा नट धरता येत नव्हता. नॉर्बर्ट योग्य तिथे "अरे वा" म्हणत राहिला. लोरेट्टा ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे हलत होते. रागाने की आणखी कशाने, ते पाठीवरून कळेना.

ओरालियाबाई गेल्यावर ती समोर येऊन बसली.

"आता सांग."

"लग्नाचा वाढदिवस," नॉर्बर्ट म्हणाला. "म्हटलं, भट्टीत जाण्यापेक्षा तुझ्याकडे राहील. भिंतीवर. चुलीच्या वरती जागाही बघून ठेवली होती."

लोरेट्टाने टेबलावरचा चुरा एका बोटाने गोळा केला.

"बाबा रात्रपाळीहून यायचे ना," ती मग म्हणाली, "तेव्हा कोपऱ्यावर आले की पाटीच्या खांबावर जेवणाच्या डब्याने टकटक करायचे. आई ते ऐकून चहा ठेवायची. मला ती पाटी भिंतीवर काय करायची आहे, नॉर्बर्ट? मला ती खांबावर हवी."

"मग मला सांगितलं का नाहीस समितीचं?"

"सांगितलं असतं तर तू मदत केली असतीस."

नॉर्बर्टने पेपरची घडी घातली. लोरेट्टाने उठून कोबीचे रोल गरम करायला ठेवले, आणि ताट त्याच्यापुढे सरकवताना त्याच्या बाहीवरचा तेलाचा डाग बघून तिला पुन्हा हसू आलं. या खेपेला ती तोंड फिरवून हसली नाही.

गुरुवारी खड्डा बुजला. डबे आले, दिवा लागला, फांद्या कापल्या गेल्या. असा गुरुवार त्या रस्त्याने कधी पाहिला नव्हता. शुक्रवारी सगळे नेहमीप्रमाणे नाक्यावरच्या खानावळीत तळलेले मासे खायला जमले, तेव्हा क्लूगेसाहेब हातात ग्लास घेऊन उभे राहिले.

"तुमची पाटी कायम राहील, हे लेखी आणलंय मी," ते म्हणाले. "आणि आणखी एक. त्या दिवशी खांबावर चढून ज्याने तुम्हाला मनस्ताप दिला, मला न विचारता वाटेल ती आश्वासनं दिली, त्या माणसाची मी जातीने चौकशी केली. त्याला नोकरीवरून काढून टाकण्यात आलं आहे."

खानावळ टाळ्यांनी दणाणली. एल्मरने टेबलावर मूठ आपटून "बरं झालं" म्हटलं. नॉर्बर्टने हातातला काटा खाली ठेवला. उभ्या जन्मात त्याने एक दिवस उशीर केला नव्हता, एक ताकीद घेतली नव्हती, निवृत्तीला त्याला घड्याळ मिळालं होतं. आणि आता जी नोकरी त्याने कधी केलीच नव्हती, तिच्यावरून त्याला काढून टाकलं होतं. सगळे वाजवत होते म्हणून त्यानेही टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर ओरालियाबाईंना मात्र वाईट वाटू लागलं.

"खड्डा बुजवला बिचाऱ्याने," त्या म्हणाल्या. "बोलला तसं केलं. आणि आपल्यामुळे घरी बसला. लग्न झालंय म्हणाला होता ना ग, लोरेट्टा? काय वाटलं असेल त्याच्या बायकोला?"

लोरेट्टाने नॉर्बर्टच्या ताटातला माशाचा मोठा तुकडा उचलून आपल्या ताटात घेतला.

"तिला फारसं काही वाटलं नसेल," ती म्हणाली. "तो कामाचा नाही, हे तिला आधीपासून ठाऊक असणार."